अठराच्या खालचे गुण

आमच्याकडे लग्न जुळवताना आधी नावरस बघतात. जन्मवेळ लिहून ठेवायची पद्धत घरात कधी नव्हती. पोर झालं तेव्हा जनावरं रानातून परतली होती की दिवेलागण झाली होती, एवढंच सगळ्यांना आठवतं. त्यामुळे कुणाचीच पत्रिका नाही. मुलाचं नाव आणि मुलीचं नाव जोशीकाकांना सांगायचं, ते नावावरून नक्षत्र काढतात आणि दोन नक्षत्रांवरून छत्तिसांपैकी गुण. अठरा किंवा जास्त आले तर बोलणी पुढे सरकतात. कमी आले की पाहुण्यांना फोन जातो, ‘नावरस जुळंना’, आणि विषय संपतो.

माझ्या नणंदेचा, राजेश्रीचा, विषय तीनदा संपला होता. चौथ्यांदा संपायला आला तेव्हा माझं डोकं फिरलं.

मी सविता. राणीसावरगावची सून, गंगाखेडला अकरावी-बारावीला गणित शिकवते. माझा स्वभाव संशयी आहे हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. दुधातलं पाणी, तराजूखाली चिकटवलेला चुंबक, मुलांच्या खिशातली कॉपी, सगळं मला आधी दिसतं. माझा नवरा परमेश्वर म्हणतो, हिला देवानं स्वतःच्या हातानं प्रसाद दिला तरी ही आधी वास घेईल. घेईनच. का घेऊ नये?

चौथं स्थळ सेलूचं होतं. मुलाचं नाव भुजंग, तिथल्या एका जिनिंगमध्ये मशीन दुरुस्त करतो. नाव भुजंग असलं तरी माणूस गरीब गाय. बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून बसला आणि राजेश्रीला एकच प्रश्न विचारला, “तुमची शिलाई मशीन आवाज करते का?” राजेश्री आमच्या ओसरीवर बायकांचे कपडे शिवते. ती म्हणाली, “करते.” त्यानं उठून मशीन उघडली, तेल मागितलं, आणि पाहुणे चहा पीत होते तेवढ्यात तो खटखट आवाज बंद केला. त्याचे चुलते रामप्रसाद शरमले बिचारे. राजेश्री मात्र त्या दिवसापासून मशीनवर बसली की गुणगुणायची.

शनिवारी मामा, म्हणजे माझे सासरे बन्सीधर, गंगाखेडला जोशीकाकांकडे जाऊन आले. आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली, पाणी प्यायले आणि म्हणाले, “बारा निघाले.”

मंगळवारी सकाळपर्यंत रामप्रसादरावांना कळवायचं होतं. त्यांच्याकडे दुसरंही एक स्थळ होतं आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं. राजेश्रीनं हातातला ब्लाऊज घडी करून ठेवला. नंतर चुलीपाशी ती मला म्हणाली, “वैनी, आता बस झालं. हे मोडलं तर मी पुन्हा कुणाफुडं पोहे घेऊन जाणार न्हाई. आबाला तुमीच सांगा.”

ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. सासूबाई गेल्यापासून हे घर तिनंच ओढलंय. मी सकाळी कॉलेजला निघते ती संध्याकाळीच परत येते. तिनं नाही म्हणायचं ठरवलं असतं तर कुणाच्या बापाला ते बदलता आलं नसतं, तिच्या बापाला तर नाहीच.

माझा पहिला संशय गेला समोरच्या भिवराबाईंवर. त्यांचा एक भाचा आहे. काम करत नाही, पण केस फार सुंदर विंचरतो. त्याच्यासाठी त्या आमच्या राजेश्रीवर डोळा ठेवून आहेत. स्थळ आलं की त्या हातातलं काम टाकून येतात, नावरस किती निघाला ते विचारतात, आणि कमी निघाला की सुस्कारा सोडतात. “जाऊ द्या, जवळचंच स्थळ असंल तिच्या नशिबात.” त्यांचं माहेर जोशीकाकांच्या गल्लीत. मला एवढं पुरेसं होतं. भिवराबाईंनी काकांना गाठलंय आणि काका गुण खाली ओढतायत, हे मी रविवारी दुपारपर्यंत ठरवूनच टाकलं होतं.

मग संध्याकाळी वाटलं, परमेश्वरच यात नसेल ना? बहीण घरात आहे तोवर याला गरम भाकरी मिळते. मी त्याला सरळ विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “तुझा कुणावर संशय न्हाई तेवढी नावं सांग, लवकर व्हईल.”

सोमवारी अकरावीला फंक्शन शिकवत होते. फंक्शनची रेंज काढायची होती. रेंज म्हणजे काय, तर फंक्शनमध्ये आपण वेगवेगळे आकडे घालायचे आणि बाहेर काय काय पडू शकतं ते बघायचं. फळ्यावर टेबल आखलं. डावीकडे आत घातलेला आकडा, उजवीकडे बाहेर आलेला. नियम सोपा दिला होता, आकड्याचा वर्ग करा आणि तीन मिळवा. मुलांनी उणे दोन घातले, सात आले. उणे एकला चार. शून्याला तीन. एकला पुन्हा चार, दोनला पुन्हा सात.

मनिषा नावाची एक मुलगी पहिल्या बाकावर बसते. ती म्हणाली, “मॅडम, तीनच्या खाली कधी येतच न्हाई.”

“का येत नाही?” मी विचारलं.

तिनं थोडा विचार केला. “वर्ग कधी उणे होत न्हाई. मग तीन मिळवल्यावर तीनपेक्षा कमी कसं येईल?”

“बरोबर,” मी म्हणाले. “टेबलात काय येतं ते कुणीही सांगेल. काय कधीच येत नाही, आणि का येत नाही, ते विचारलं की रेंज सापडते.”

हे बोलताना माझा हात फळ्यावरच थांबला. त्या टेबलाशेजारी मनातल्या मनात मी दुसरं टेबल आखत होते. आत राजेश्रीचं पहिलं स्थळ योगीराज, बाहेर तेरा. आत हरिओम, बाहेर पंधरा. आत अंगद, बाहेर अकरा. आत भुजंग, बाहेर बारा. चार नावं, चार निरनिराळी नक्षत्रं, आणि एकदाही अठरा नाही की वीस नाही. नियमच तसा असेल तर प्रश्न नाही. पण नियम तसा नसेल तर कुणीतरी वरचे आकडे गाळून घेतंय. तास संपला तरी मी खडू हातात घेऊन उभी होते आणि मुलं आपसांत हसत होती.

कॉलेज सुटल्यावर मी थेट जोशीकाकांच्या घरी गेले. कोण, कुठली, काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की राजेश्री नावाच्या मुलीसाठी काही स्थळं आहेत, गुण सांगा. काकांनी चष्मा पुसला आणि पंचांग काढलं.

“योगीराज,” मी म्हणाले.

“सत्तावीस. चांगलंय.”

“हरिओम?”

“वीस. चालेल.”

“अंगद?”

“साडेअठ्ठावीस. हे सोडू नका, बाई.”

माझे कान गरम झाले. म्हणजे काका मला एक सांगतात आणि आमच्या घरी दुसरं. मी टेबलावर हात ठेवून विचारलं, “काका, हे गुण तुम्ही कसे ठरवता? माणूस बघून?”

त्यांना राग आला नाही. बहुतेक हा प्रश्न त्यांना पुष्कळदा ऐकावा लागत असावा. त्यांनी पंचांग माझ्याकडे फिरवलं. आत छापील कोष्टक होतं. आडवी मुलाची नक्षत्रं, उभी मुलीची, आणि चौकटीचौकटीत आकडे. “मी कोण ठरवणारा? तुमच्या मुलीची ही ओळ. मुलाच्या रकान्यापर्यंत बोट न्यायचं, आकडा वाचायचा. कोणतंही पंचांग घ्या, कोणत्याही गावच्या जोशाकडे जा, हाच आकडा येणार.”

मी राजेश्रीची सगळी ओळ वाचून काढली. तिशीच्या वरचे आकडे होते, विशीतले होते, दहाच्या आसपासचेही होते. पण अठराच्या वरच्या चौकटी खालच्यापेक्षा जास्त होत्या. मी इतकी वर्षं फळ्यावर टेबलं आखत आले, आणि दरवर्षी घरात नव्या पंचांगाबरोबर येणारं हे टेबल कधी उघडून बघितलं नव्हतं. जोशीकाका सुटले आणि त्यांच्यामागून भिवराबाईही सुटल्या. मला त्याचं थोडं वाईटच वाटलं.

जोशीकाका आणि आमचं घर यांच्या मधे एकच माणूस ये-जा करत होता. आकडा इथून नीट निघत होता आणि राणीसावरगावात टोपी खुंटीला लागेपर्यंत खाली येत होता.

“अजून एक,” मी म्हणाले. “भुजंग.” मनात म्हटलं, हेही वीसच्या वर असू दे, मग बघते मामांकडे.

काकांचं बोट ओळीवरून सरकलं आणि थांबलं. “बारा. हे मात्र नाही जमायचं. नाडी एकच येते.”

मी वाकून स्वतः बघितलं. बाराच होते. तिन्ही वेळा खोटं बोललेला माणूस चौथ्यांदा खरं बोलला होता, आणि ते खरंच राजेश्रीला नको होतं. मला काही उमगेना. उठता उठता सहज म्हणून, म्हणजे माझ्या स्वभावाप्रमाणे, मी आणखी दोन नावं टाकली. “मुलगी सविता, मुलगा परमेश्वर.”

काकांनी पान उलटलं आणि जीभ चावली. “साडेनऊ. हे कुणी आणलं स्थळ? मुलीच्या वडिलांना सांगा, नाद सोडा. या घरात सुख नाही लागायचं तिला.”

आमच्या लग्नात सव्वीस गुण सांगितले होते. माझी आई अजून कौतुकानं सांगते, सव्वीस जुळले, म्हणून पोरगी सुखात आहे. मी काकांना नमस्कार केला आणि बाहेर पडले. घरी जाताना जीपमध्ये परमेश्वरचा फोन आला. जेवणात काय करायचं, वांगं की पिठलं, एवढंच विचारायला. मी पिठलं म्हणाले आणि फोन बंद करून पदरानं तोंड पुसलं. माझ्या सगळ्या संसाराखाली मामा एक बनावट आकडा घालून गेले होते, आणि संसार तर चांगला चालला होता. राग कुणावर धरावा तेच कळेना.

मंगळवारी सकाळी मी कॉलेजला दांडी मारली. मामा अंगणात बसून दावं वळत होते. राजेश्री आत भाकरी थापत होती. मी त्यांच्यासमोर पाट ओढून बसले.

“मामा, योगीराजचे सत्तावीस निघाले होते.”

त्यांचे हात चालूच राहिले. “जाऊन आल्या म्हणा की.”

“आले.”

“मला वाटलंच, कवातरी जाताल.” त्यांनी दाव्याला पीळ दिला. “त्यो योगीराज सकाळी उठला की बाटली घेतो. बैल बघायचं निमित्त करून मी त्याच्या गावाला गेल्तो. डोळ्यानं बघितलं.”

“हरिओम?”

“त्याची आई लय जहाल. थोरली सून दोनदा माहेरी पळाली. अन् अंगदाचं आधी एक लगीन झालेलं, त्ये लपवायलते.”

“मग हे सरळ सांगायचं ना. खोटे गुण कशाला?”

“कुणाला सांगू?” ते म्हणाले. “तुमचा पोरगा पितो म्हणून त्याच्या बापाला सांगू? उद्या बाजारात तोंड दाखवायचंय, माय. पावन्यांत तकरार नको. नावरस जुळंना म्हणलं की कुणालाच राग येत न्हाई. त्येबी चहा पाजतेत, आमीबी पाजतो. मिटलं.”

खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुक वाटलं. मी आकडा बघत बसले होते आणि हा माणूस त्या आकड्यानं फक्त ‘नाही’ म्हणत होता. कुणाचं मन न दुखवता, गावोगाव फिरून, स्वतः चौकशी करून. पण माझा प्रश्न अजून शिल्लक होता.

“आणि माझे साडेनऊचे सव्वीस कसे झाले?”

पहिल्यांदाच ते वर बघून हसले. “तुमच्या गावाला चौकशीला आल्तो. तुमी पिठाच्या गिरणीवर भांडत व्हत्या. त्यानं दळण बदललं म्हणत व्हत्या, अन् मूठभर पीठ त्याच्याच तोंडाफुडं धरलं व्हतं. मी म्हणलं, ही घरात आली तर आपल्याला कुणी फसवायचं न्हाई. मग जोशी साडेनऊ म्हणला तर मी काय करू? घरी येऊन सव्वीस सांगितले. मला काय ठाऊक, पहिला मीच घावंन.”

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. “मामा, भुजंगात काय खोट सापडली?”

दावं थांबलं. “काय न्हाई. दोनदा सेलूला गेलो. जिनिंगवर विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं. पोरगं सोन्यासारखं हाय.”

“मग त्याचेच बारा तेवढे खरे कशाला सांगितले?”

त्यांनी सैल झालेला पीळ पुन्हा आवळायला घेतला.

“मला आणायची होती तेव्हा साडेनऊचे सव्वीस केले,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. “तिला पाठवायची वेळ आली तेव्हा बाराचे अठरा नाही करता आले तुम्हाला? येणारीसाठी वाढवता, जाणारीसाठी नाही?”

आतला भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता. मामांनी दाव्याचं टोक गुडघ्याखाली दाबलं. मग इतकं हळू बोलले की मला पुढं वाकावं लागलं.

“जाताना गाडीत फिकीर व्हती. ह्या पोरात खोट न्हाई, आता देवावंच लागतंय. अन् जोशी म्हणला बारा. तुमाला खरं सांगतो, मला लय बरं वाटलं, माय. म्हणलं, आता तर मी खोटंबी बोलायलो न्हाई.”

मला त्यांचा संताप आला आणि तितकीच त्यांची कीवही आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात राजेश्री दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मला वाटलं आता ही बापाला नको ते बोलणार.

“आबा,” ती म्हणाली, “फोन लावा.”

मामांनी तिच्याकडे बघितलं. सासूबाई गेल्यावर याच दारात ती अशीच पीठ लागलेल्या हातानं उभी राहायला लागली होती, आणि मामा तिला रोज बघत आले होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. नंबर लावायच्या आधी माझ्याकडे वळले. “मास्तरीणबाई, किती सांगू?”

ज्या माणसाला मी आकडा बदलला म्हणून पकडला होता, तोच मला आकडा विचारत होता. छत्तीस म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. अठरा म्हटलं तर काठावरचे वाटतील आणि रामप्रसादराव शंका काढतील. मी नीट विचार केला.

“चोवीस,” मी म्हणाले.

फोन लागला. मामांनी पावसापाण्याची, कापसाच्या वेचणीची विचारपूस केली. मग घसा साफ करून म्हणाले, “रामप्रसादराव, नावरस जुळला. चोवीस निघाले.” आवाज अजिबात हलला नाही. सवयच होती त्यांना.

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. मामांच्या कपाळावर आठ्या पडल्या. राजेश्रीनं चौकट घट्ट धरली. मामांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघितलं.

“त्यांच्या जोशानंबी चोवीसच काढले म्हणतेत. पंचांगात बारा हायेत. चोवीस निघतीलच कशे? खोटं बोलायलेत सगळे.”

मामा राजेश्रीकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग जीव लावतील हिला,” ते म्हणाले, आणि फोन पुन्हा कानाला लावून त्यांनी रामप्रसादरावांना तारीख विचारली.